धागा: उत्तरकालीन रोमन साम्राज्याचा प्रांतवार नकाशा – वर्ष कोणतं, यादी कोणती, रेषा कुठून?

क्षेत्रपाल (धागाकर्ता)

'इ.स. ४०० चं रोमन साम्राज्य' अशा मथळ्याचे रंगीत नकाशे जालावर ढिगाने मिळतात. त्यातले बहुतेक कुठल्याच एका वर्षाचे नसतात. ब्रिटन एका यादीतून उचललेलं, ईजिप्त दुसऱ्या, आर्मेनियाची सीमा आणखी वीस वर्षं मागची. प्रांतांची नावं बरोबर असतात, पण ती सगळी एकाच वेळी कधीच अस्तित्वात नव्हती. असा नकाशा स्वतः करायचा असेल तर काय घ्यावं, काय टाळावं, हे एका जागी यावं म्हणून धागा काढतोय.

आधी सांगाडा. डायोक्लेशनच्या काळात (२८४–३०५) जुन्या मोठ्या प्रांतांचे तुकडे पडले आणि पन्नासच्या आसपास असलेली संख्या शंभराच्या घरात गेली. प्रांतांचे गट करून त्यावर डायोसिस (विभाग) आले, प्रत्येकावर एक व्हिकार, म्हणजे प्रीटोरियन प्रीफेक्ट या बड्या मुलकी अधिकाऱ्याचा प्रतिनिधी. डायोसिसांच्या वरची प्रीफेक्चरं मात्र डायोक्लेशनची नव्हेत. प्रीटोरियन प्रीफेक्टला ठरलेला भूभाग मिळणं ही कॉन्स्टंटाइनच्या अखेरच्या वर्षांपासून हळूहळू घडलेली गोष्ट. म्हणून 'डायोक्लेशनची चार प्रीफेक्चरं' असं लिहिलेला नकाशा दिसला की पुढे बघायचीही गरज नाही.

प्रांताधिकाऱ्यांचे दर्जे वेगवेगळे होते: प्रोकॉन्सुल, कॉन्सुलारिस, कॉरेक्टर, प्रेसेस. हे तक्त्यात आलंच पाहिजे, कारण प्रोकॉन्सुल व्हिकारच्या हाताखाली नसे. आफ्रिका प्रोकॉन्सुलारिस आफ्रिका डायोसिसच्या रंगात सरसकट रंगवली की कार्थेजचा प्रोकॉन्सुल थेट सम्राटाला उत्तर देत असे, ही गोष्ट नकाशातून गायब होते. एशियाचंही तसंच. तिथल्या प्रोकॉन्सुलकडे हेलेस्पाँटस आणि इन्सुले हे दोन प्रांतही होते. मी अशा प्रांतांना डायोसिसचाच रंग देऊन वर तिरक्या रेघा मारतो.

मूळ याद्या मोजक्याच. साधारण ३१४ ची व्हेरोना यादी, ४०० च्या आसपासची नोटिटिया डिग्निटाटुम, गॉलपुरती नोटिटिया गॅलिआरुम, ४४९ ची पोलेमियस सिल्व्हियसची यादी, आणि पूर्वेसाठी सहाव्या शतकातली हिएरोक्लीसची, जिच्यात ६४ प्रांत आणि नऊशेहून जास्त शहरं आहेत. एका नकाशाला पायाभूत यादी एकच ठेवावी, बाकीच्या फक्त तपासणीला.

---

तळटीप

उत्तम धागा. दोन्ही मुख्य याद्या वापरताना कुठे पाय घसरतो ते सांगतो.

व्हेरोना यादीचं हस्तलिखित सातव्या शतकातलं आहे, म्हणजे मूळ यादीनंतर तीनशे वर्षांनी उतरवलेलं. तिच्यात बारा डायोसिस आहेत: ओरिएन्स, पोंटिका, एशियाना, थ्रेशिया, मोएसिए, पॅनोनिए, ब्रिटानिए, गॅलिए, व्हिएनेन्सिस, इटालिया, हिस्पानिए, आफ्रिका. प्रत्येक डायोसिसच्या सुरुवातीला प्रांतसंख्येचा आकडा आहे आणि तो खालच्या नावांशी प्रत्येक वेळी जुळत नाही. आकड्यावर जाऊ नका, नावं मोजा. शिवाय मागाहून कुणीतरी घुसडलेले शेरे आहेत. पोंटिकात पाफ्लागोनियापुढे 'आता दोन भागांत विभागलेली' आणि छोट्या आर्मेनियापुढे 'आता मोठीही जोडलेली' असं येतं. तो 'आता' ३१४ चा नव्हे. ३१४ च्या नकाशात पाफ्लागोनिया अखंडच काढायची.

नोटिटिया डिग्निटाटुमचं (पुढे नुसती 'नोटिटिया') दुखणं वेगळं. ती एका दिवसात लिहिलेली यादी नाही. पूर्वेचा भाग चौथ्या शतकाच्या अगदी शेवटचा, पश्चिमेच्या भागात मात्र ४२० च्या दशकापर्यंत खाडाखोड चालू होती. त्यामुळे ४१० च्या सुमारास रोमच्या हातून गेलेलं ब्रिटन तिच्यात पाच प्रांत आणि सैन्यासकट दिमाखात बसलेलं आहे. तिला 'इ.स. ४२५ चा नकाशा' म्हणून रंगवणं म्हणजे सरकारी कागदावर विसंबून जमिनीवरची स्थिती सांगणं.

आज हातात आहेत त्या सगळ्या प्रती श्पायरच्या कॅथेड्रलमधल्या एका हरवलेल्या हस्तलिखितावरून उतरलेल्या आहेत. ऑक्सफर्डची प्रत १४३६ ची, म्युनिकची १५४२ ची. चित्रांतले तपशील प्रतीप्रतीत बदलतात. आणि ही चित्रं नकाशे नव्हेत! ब्रिटनच्या व्हिकारच्या पानावर पाच प्रांतांसाठी पाच शहरं बेटावर काढलेली आहेत. त्यांच्या मांडणीवरून प्रांत कुठे होता हे काढायचा मोह अनेकांना होतो. चित्रकाराने पान भरलंय, भूगोल नाही.

संपादित पाठ हवा असेल तर ओटो झेकची १८७६ ची आवृत्ती अजून चालते.

---

भोचक

वाचतेय. भाबडा प्रश्न: याद्यांत फक्त नावं आहेत. मग नकाशावर दिसणाऱ्या त्या नीटनेटक्या सीमारेषा येतात कुठून?

---

क्षेत्रपाल

@भोचक, धाग्याचा गाभा तोच आहे. सीमा थेट सांगणारे पुरावे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. रेषा काढायची पद्धत उलटी आहे: प्रांत म्हणजे शहरांच्या हद्दींची बेरीज. कोणता तालुका कोणत्या जिल्ह्यात हे माहीत असेल तर जिल्ह्याची सीमा आपोआप येते, तसंच. म्हणून आधी शहरं बसवायची, कोणतं शहर कोणत्या प्रांतात ते भरायचं, आणि रेषा सगळ्यात शेवटी.

शहराचा प्रांत कळतो तो शिलालेखातल्या अधिकाऱ्याच्या हुद्द्यावरून, कायद्यांच्या मायन्यावरून, धर्मसभांना आलेल्या बिशपांच्या सह्यांवरून आणि हिएरोक्लीससारख्या शहरयाद्यांवरून. शहराची हद्द कुठवर गेली होती यासाठी मैलाचे दगड कामाला येतात. दगडावरचा आकडा कोणत्या शहरापासून मोजलाय ते पाहायचं. एकाच रस्त्यावर मोजणी एका शहराकडून दुसऱ्या शहराकडे वळते, त्या टापूत कुठेतरी हद्द.

सीमा सरळ सांगणारा एक सुंदर पुरावा म्हणजे ३३३ मधल्या बोर्दो ते जेरुसलेम प्रवासाची टाचणवही. प्रवासी थांबे आणि अंतरं लिहीत जातो आणि मधेच 'इटली आणि नोरिकमची सीमा' अशी नोंद करतो. जागा अट्रान्स, म्हणजे आजच्या स्लोव्हेनियातली ट्रोयाने खिंड. पुढे पोएटोव्हिओला (आजचं प्तुय) पूल ओलांडून पॅनोनियात शिरल्याचं लिहितो. पुढे किलिकिया आणि सिरियाच्या सीमेचीही नोंद येते. हे दोन-चार बिंदू सोन्याचे आहेत. रेषा काढताना आधी ते रोवा, बाकीची रेषा त्यांना धरून फिरवा.

एक इशारा. सिरिया-पॅलेस्टाइनच्या पट्ट्यात डायोक्लेशनच्या काळातले हद्दीचे दगड बऱ्याच संख्येने मिळालेत. ते *गावांच्या* हद्दींचे आहेत, करआकारणीच्या मोजणीतले. त्यांना जोडून प्रांताची सीमा काढलेले नकाशे मी पाहिलेत. चुकीचं आहे ते.

---

गोदाकाठ

बिशपांच्या सह्यांबद्दल थोडी भर आणि थोडा विरोध.

३२५ च्या निकेआ परिषदेच्या चौथ्या नियमाने बिशपची नेमणूक प्रांतवार आणि प्रांताच्या मुख्य शहरातल्या बिशपच्या संमतीने व्हावी असं ठरलं. त्यामुळे चौथ्या शतकात चर्चचे प्रांत आणि सरकारी प्रांत बऱ्यापैकी एकावर एक बसतात. पण 'बऱ्यापैकी' हा शब्द विसरू नये. ३७२ च्या सुमारास व्हॅलेन्सने कॅपाडोशियाचे दोन तुकडे केले, तेव्हा तुआनाच्या अँथिमसने लगेच आपणही मेट्रोपॉलिटन (प्रांताच्या मुख्य शहराचा बिशप) झाल्याचा दावा लावला आणि सीझरियाच्या बेसिलने तो मानला नाही. त्या वर्षांतल्या चर्चच्या कागदावरून सरकारी प्रांत ठरवाल तर कुणाची बाजू घेताय तेच कळणार नाही. पुढे पोप पहिल्या इनोसंटने अँटिऑकच्या बिशपला कळवलं की सम्राटाने प्रांत फोडला म्हणून चर्चने फोडायचं कारण नाही. आणि ४५१ मध्ये कॅल्सेडॉनला तर अशा वाटण्यांविरुद्ध स्वतंत्र नियमच करावा लागला.

गॉलमध्ये याच्या पुढची गंमत. तिथे रोमन शहरहद्दींसाठी फ्रेंच राज्यक्रांतीपूर्वीच्या बिशपक्षेत्रांच्या सीमा वापरायची जुनी रीत आहे, आणि उत्तरेत ती बऱ्यापैकी चालते. नैर्ऋत्येत मात्र १३१७ मध्ये पोप बाविसाव्या जॉनने तुलूझच्या भोवती नवी बिशपक्षेत्रं कापून काढली. ती रोमन समजून वापरली तर नऊशे-हजार वर्षांची गफलत. आधी १३१७ ची क्षेत्रं पुन्हा मूळ क्षेत्रांत मिसळून घ्या, मगच सीमा उचला.

---

रेघोट्या

आता हात काळे करण्याबद्दल. क्यूजीआयएस या नकाशे करायच्या मोफत संगणकप्रणालीत काम करायचं धरून सांगतो.

प्रक्षेपण. वेब मर्केटर नकोच, ब्रिटन फुगतं आणि ईजिप्त आक्रसतं. युरोपसाठीचं ईपीएसजी ३०३५ या क्रमांकाचं तयार प्रक्षेपण उत्तर आफ्रिका आणि मेसोपोटेमियाकडे जाताना वाकडं होत जातं. स्वतःचं शंकू प्रक्षेपण करून घ्या. साम्राज्य आस्वानच्या २४° पासून हेड्रियनच्या भिंतीच्या ५५° पर्यंत, म्हणजे ३१ अंश. त्याचा सहावा भाग, सुमारे ५ अंश, दोन्ही टोकांनी आत घ्यायचा: प्रमाण अक्षवृत्तं २९° आणि ५०°. पूर्व-पश्चिम विस्तार ९° पश्चिम ते ४३° पूर्व, म्हणून मध्य रेखावृत्त १७° पूर्व. क्षेत्रफळांची तुलना करायची असेल तर आल्बर्स, नुसता दिसायला नीट हवा असेल तर लँबर्ट कॉन्फॉर्मल.

पाया. शहरांचे बिंदू प्लेइआडीस या प्राचीन स्थळांच्या जालावरच्या कोशातून घ्या. प्रत्येक जागेला कायमचा क्रमांक आहे, तो तक्त्यात ठेवा. पाया म्हणून आजचा किनारा आणि आजची तळी तशीच उचलू नका. मिलेटस आणि इफेसस गाळामुळे आज समुद्रापासून आत आहेत, तेव्हा बंदरं होती. सामोसाटा अतातुर्क धरणाखाली गेलंय, झ्युग्माचा काही भाग बिरेजिकच्या पाण्यात. धरणांचे जलाशय न काढता नकाशा केला तर शहरांचे बिंदू पाण्यात तरंगताना दिसतात. आस्वानच्या दक्षिणेचं नासर तळंही काढा. उलट इटलीतलं फुचिनो तळं एकोणिसाव्या शतकात आटवलं, ते परत भरा.

रेषा आधी, बहुभुज मागून. सगळे नवशिके प्रत्येक प्रांताचा बहुभुज सुटा काढतात. मग शेजारच्या दोन प्रांतांत केसाएवढ्या फटी राहतात किंवा ते एकमेकांवर चढतात, आणि रंग भरला की पांढरे तुसे दिसतात. त्यापेक्षा सीमा हा रेषांचा थर करा, स्नॅपिंग (रेषांची टोकं एकमेकांना चिकटवणारी सोय) चालू ठेवा, दोन प्रांतांमधली सीमा *एकदाच* काढा, आणि शेवटी पॉलिगोनाइझ चालवून बहुभुज मिळवा. सीमा बदलली की फक्त रेषा हलवायची आणि पुन्हा चालवायचं. याचा मोठा फायदा: रेषेलाच विश्वासार्हतेचा रकाना देता येतो. १ म्हणजे लेखी पुरावा (अट्रान्ससारखा), २ म्हणजे शहरहद्दींवरून, ३ म्हणजे अंदाज. १ ला सलग रेघ, २ ला तुटक, ३ ला टिंबं. नुसतं एवढं केलं तरी वाचणाऱ्याची फसवणूक टळते.

थीसेन बहुभुज (प्रत्येक बिंदूला त्याच्या सगळ्यात जवळचा भूभाग देणारे) शहरांच्या बिंदूंवरून पहिला कच्चा मसुदा म्हणून ठीक. आल्प्स, टॉरस, अॅटलस आले की ते डोंगर ओलांडून पलीकडे घुसतात. तिथे जलविभाजकावरून हाताने दुरुस्ती. आणि वाळवंटाच्या बाजूला तर ते क्षितिजापर्यंत पसरतात, तिकडे रेषा न काढता रंग विरळ करत न्यावा.

कागद. १:१,५०,००,००० ला पूर्ण साम्राज्य सुमारे ३०० × २४० मिमी होतं, ए३ वर बसतं. त्या मापाला ०.३ मिमीची रेघ जमिनीवर साडेचार किलोमीटर जाडीची असते. त्यामुळे कुठल्या ओढ्याच्या कुठल्या काठाने सीमा गेली यावर रात्र घालवू नका.

---

तळटीप

@रेघोट्या, रेषांना विश्वासार्हता देणं अगदी पटलं. तक्त्याबद्दल एक जोडतो: नावावरून जोडणी कधीही करू नका. व्हॅलेरिया नावाचे दोन प्रांत आहेत, एक पॅनोनियात डॅन्यूबकाठी, दुसरा रोमच्या पूर्वेला इटलीत. सालुटारिस हे विशेषण फ्रिजिया, सिरिया, पॅलेस्टिना, गॅलेशिया, मासेदोनिया अशा पाच जणांना लागतं. एशिया, युरोपा, आफ्रिका हे तिन्ही *प्रांत* आहेत; नाव देऊन आपोआप जागा शोधणाऱ्या साधनाला हे दिलं की तो बिंदू खंडाच्या मधोमध नेऊन टाकतो. (युरोपा म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या पाठीमागचा चिमुकला पट्टा, मुख्य शहर हेराक्लिया.) प्रत्येक प्रांताला स्वतःचा क्रमांक, आणि सोबत *पासून–पर्यंत* असे दोन वर्षांचे रकाने. मग एकाच फाइलमधून ३१४ चा आणि ४०० चा नकाशा गाळून काढता येतो.

आता नेहमीच्या चुका, ज्या दर दुसऱ्या नकाशात दिसतात:

डेशिया डॅन्यूबच्या उत्तरेला. ट्राजनने जिंकलेली डेशिया ऑरेलियनने २७० च्या दशकात सोडली आणि त्याच नावाने नदीच्या *दक्षिणेला* नवी केली. चौथ्या शतकातले डेशिया रिपेन्सिस आणि डेशिया मेडिटेरानिया आजच्या सर्बिया-बल्गेरियात.

मॉरेटानिया टिंगिटाना आफ्रिकेच्या रंगात. ती जिब्राल्टरच्या पलीकडे असली तरी हिस्पानिए डायोसिसात होती. आफ्रिकेतल्या शेजारी प्रांताशी तिचा जमिनीवरून धड रस्ता नव्हता, समुद्रातून स्पेन जवळ.

कलाब्रिया इटलीच्या बुटाच्या पुढच्या टोकाला. तेव्हाची कलाब्रिया टाचेत, अपुलियाला जोडलेली. आजची कलाब्रिया म्हणजे तेव्हाचा ब्रुत्तिई, लुकानियासोबत.

पेत्रा 'अरेबिया' प्रांतात. अरेबियाचा दक्षिण भाग चौथ्या शतकात पॅलेस्टिनाकडे गेला. ४०० च्या नकाशात पेत्रा पॅलेस्टिना सालुटारिसमध्ये, अरेबियाचं मुख्य शहर बोस्त्रा.

निसिबिस रोमन बाजूला. ३६३ मध्ये जोव्हियनने निसिबिस आणि सिंगारा इराणला देऊन टाकली, शिवाय तायग्रीसपलीकडचे प्रदेशही. त्यानंतर मेसोपोटेमिया प्रांत उरतो तो अमिडाभोवती.

ईजिप्त वेगळा डायोसिस म्हणून ३१४ मध्ये. व्हेरोना यादीत ईजिप्तचे सगळे तुकडे ओरिएन्समध्येच आहेत, त्यात एजिप्टस जोव्हिया आणि हर्क्युलिया ही डायोक्लेशन-मॅक्सिमियनच्या बिरुदांवरून आलेली नावंही. वेगळा डायोसिस झाला चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात.

---

भोचक

समोर आलेला नकाशा कोणत्या काळाचा हे पटकन ओळखायची काही युक्ती?

---

तळटीप

राजघराण्यातल्या माणसांवरून ठेवलेली नावं शोधा. होनोरियास दिसला तर नकाशा ३८४ च्या आधीचा नाही, कारण ज्याच्या नावाने तो प्रांत काढला त्या होनोरियसचा जन्मच ३८४ चा. ईजिप्तमध्ये आर्केडिया दिसला तरी साधारण तोच काळ, तो थोरल्या भावाच्या नावाने. व्हॅलेन्शिया ब्रिटनमध्ये असेल तर ३६९ किंवा नंतर. ऑगस्टामनिका ३४० च्या दशकाच्या सुरुवातीपासून. सिरियाच्या किनाऱ्यावर थिओडोरियास असेल तर सरळ जस्टिनियनचा काळ, बायकोच्या नावाने. डॅन्यूबच्या दक्षिणेला 'मोएसिए' हा एकच डायोसिस असेल तर कॉन्स्टंटाइनने त्याचे डेशिया आणि मासेदोनिया असे दोन करण्याआधीचा. यातली दोन नावं एकमेकांशी भांडत असतील, उदाहरणार्थ होनोरियास आहे आणि निसिबिसही रोमन, तर नकाशा खिचडी आहे.

---

वाडा_चिरेबंद

ब्रिटनबद्दल विचारायचं होतं. पाच प्रांतांपैकी व्हॅलेन्शिया हेड्रियनच्या आणि अँटोनाइनच्या भिंतींच्या मधे, दक्षिण स्कॉटलंडमध्ये दाखवलेली बऱ्याच ठिकाणी पाहिली. ते बरोबर ना?

---

क्षेत्रपाल

नाही, आणि ही चूक कुठून आली तेही माहीत आहे. चार्ल्स बर्ट्राम या कोपनहेगनमध्ये राहणाऱ्या इंग्रजाने एक 'मध्ययुगीन हस्तलिखित' सापडल्याचं सांगून १७५७ मध्ये छापलं. त्यात व्हॅलेन्शिया दोन भिंतींमधे होती आणि तिच्याही उत्तरेला व्हेस्पासियाना नावाचा आणखी एक प्रांत. सगळं बनावट. ते उघडकीला यायला शंभर वर्षं लागली, तोवर चांगल्या चांगल्या नकाशांत ते शिरलं होतं. व्हेस्पासियाना दिसला तर तो नकाशा बर्ट्रामचा नातू समजावा.

अस्सल पुरावा इतकाच: चौथ्या शतकातला इतिहासकार अम्मियानस सांगतो की सेनापती थोरल्या थिओडोसियसने शत्रूच्या हाती गेलेला प्रांत परत मिळवला आणि त्याचं नाव व्हॅलेन्शिया ठेवलं, नोटिटिया तो ब्रिटनच्या पाच प्रांतांत धरते, आणि त्यावर कॉन्सुलारिस दर्जाचा अधिकारी. कुठे, हे कुणीच सांगत नाही.

---

गोदाकाठ

कुठे हे सांगत नाही म्हणून नकाशातून वगळायची का? यॉर्कच्या परिसरात किंवा वायव्येला कार्लाइलकडे असावी असे दोन्ही तर्क अभ्यासक करतात. मी तर उत्तरेत घालून ३ नंबरची टिंबांची रेषा मारेन.

---

क्षेत्रपाल

मी रेषाच मारणार नाही. टिंबांची असली तरी रेषा पाहणाऱ्याच्या डोक्यात पक्की बसते. चार प्रांतांच्या सीमा, त्याही अंदाजाच्याच, आणि व्हॅलेन्शियाचं नाव बेटाच्या बाजूला समुद्रात, प्रश्नचिन्हासकट. ब्रिटनमध्ये प्रांतावर बोट ठेवून सांगता येतं ते एका ठिकाणी: सायरन्सेस्टरला ज्युपिटरच्या स्तंभाचा चौथरा मिळालाय, त्यावर सेप्टिमियस नावाचा अधिकारी स्वतःला प्रिमा प्रांताचा रेक्टर (प्रांताधिकारी) म्हणवतो. म्हणजे सायरन्सेस्टर ब्रिटानिया प्रिमात. त्या एका दगडाला १ नंबर, बाकी सगळं ३.

---

गोदाकाठ

समुद्रात नाव लिहिणं मलाही चालेल, पण मग तोच न्याय मॅक्सिमा आणि फ्लाव्हिया सीझरिएन्सिसला लावा. त्यांच्यातली सीमाही कुणी पाहिलेली नाही. एकाला समुद्र आणि दोघींना जमीन हे काही पटत नाही.

---

रेघोट्या

तोडगा: ब्रिटन अख्खा एका रंगात, आत सीमा नाहीत, पाचही नावं आत सैलसर पसरून आणि सायरन्सेस्टरला एक तारका. ए३ वर तसंही बेट १० सेंटीमीटरपेक्षा लहान आहे.

दुसरा मुद्दा, जुने छापील नकाशे स्कॅन करून बसवणाऱ्यांसाठी. १९व्या शतकातल्या अनेक जर्मन ऐतिहासिक नकाशांवर रेखांश ग्रीनिचपासून नसतात, कॅनरी बेटांतल्या फेरोपासून असतात, म्हणजे ग्रीनिचच्या १७° ४०′ पश्चिमेपासून. जाळीवरचे आकडे जसेच्या तसे भरले तर रोमच्या अक्षांशावर सगळं सुमारे १,४६० किमी पूर्वेला सरकतं. काही नकाशांवर पॅरिसचं रेखावृत्त असतं, मग फरक २° २०′ चा, आणि तो लवकर लक्षातही येत नाही. कडेला बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते आधी वाचा. स्कॅन जागेवर बसवताना दुसऱ्या क्रमाच्या बहुपदीला किमान ६ ओळखीचे बिंदू लागतात, प्रत्यक्षात २० ते २५ द्या आणि ते चारही कोपऱ्यांत वाटा. बिंदू म्हणून नदीची मुखं घेऊ नका, ती सरकतात. शहरं आणि भूशिरं घ्या. आणि हो, जुन्या नकाशातल्या सीमा उचलताना स्रोताच्या रकान्यात त्या नकाशाचं वर्ष लिहा, नाहीतर बर्ट्राम असाच परत आत येतो.

---

अनुस्वार

मराठीत नावं घालून नकाशा करणाऱ्यांसाठी: प्रांताच्या नावाला मोठ्या भागावर पसरवायला रोमन लिपीत अक्षरांमधलं अंतर वाढवतात. देवनागरीत ते करू नका, शिरोरेषा तुटते आणि 'हि स्पा नि ए' असं काहीतरी होतं. त्याऐवजी टंकाचा आकार वाढवा आणि रंग फिका ठेवा. वक्र लेबलंही शक्यतो टाळा, मात्रा आणि जोडाक्षरं विस्कटायची भीती असते. पीडीएफ काढताना मजकूर आउटलाइन म्हणून पाठवला की छपाईवाल्याकडे टंक नसला तरी बिघडत नाही. उच्चारांचं एकच धोरण ठरवा: लॅटिन उच्चार घ्यायचा तर सगळीकडे घ्या, एका नकाशात 'कॅपाडोशिया' आणि 'किलिकिया' शेजारी ठेवू नका.

---

तळटीप

@अनुस्वार, तो शेवटचा टोमणा वरच्या अर्ध्या धाग्याला लागू आहे. :-)

---

वाडा_चिरेबंद

पॉइटिंगरच्या नकाशावरून (रोमन रस्त्यांच्या नकाशाची मध्ययुगीन नक्कल) सीमा नाही तरी रस्त्यांची अंतरं घ्यायची होती. मैल सगळीकडे सारखाच धरावा का?

---

रेघोट्या

नाही. रोमन मैल १.४८ किमी. पण गॉलमध्ये आकडे लीगमध्ये आहेत, एक लीग म्हणजे दीड मैल, २.२२ किमी. नकाशावरच लियोंपाशी 'इथपर्यंत लीग' अशी नोंद आहे. ती न वाचता सगळीकडे १.४८ ने गुणलं की गॉलची शहरं एकमेकांना चिकटतात. आकडेही नकलताना बिघडलेले आहेत, रोमन अंकांत एक रेघ गळाली की पाच मैल इकडे-तिकडे. एकूण अंतर जुळवून पाहा, एकट्या टप्प्यावर भरवसा नको. सीमांसाठी त्याचा उपयोग नाहीच. उरलेल्या ११ तुकड्यांची लांबी पावणेसात मीटर आणि उंची जेमतेम ३४ सेंटीमीटर, दिशा पार चेपलेल्या. (पूर्वेच्या टोकाला मुझिरिस आणि शेजारी ऑगस्टसचं मंदिर आहे, केरळचा किनारा. तो प्रांत नव्हे, कुणी रंगवू नये!)

---

भोचक

शेवटचा प्रश्न. सैन्याच्या सीमा याच प्रांतांवर बसतात का? ड्यूक आणि काउंट या लष्करी अधिकाऱ्यांचा थर वेगळा ठेवावा का?

---

क्षेत्रपाल

वेगळाच ठेवा, आणि बहुभुज न करता. डायोक्लेशन-कॉन्स्टंटाइनच्या काळात मुलकी आणि लष्करी अधिकार वेगळे झाले, त्यानंतर ड्यूकचा टापू प्रांतांच्या रेषा तुडवत जातो. आर्मोरिकाच्या ड्यूकबद्दल नोटिटिया स्पष्टच सांगते की त्याचा पट्टा पाच प्रांतांत पसरलाय: पहिली आणि दुसरी अक्विटानिया, दुसरी आणि तिसरी लुग्डुनेन्सिस, आणि सेनोनिया. पण त्या प्रांतांचा सगळा भूभाग त्याच्याकडे होता असा याचा अर्थ नाही. म्हणून किल्ल्यांचे बिंदू घ्या, त्यांना ड्यूकचा क्रमांक द्या आणि बिंदूंना रंग द्या.

सहाव्या शतकाचा नकाशा करणाऱ्यांना यात आणखी एक गाठ लागेल. ५३६ मध्ये जस्टिनियनने डॅन्यूबवरच्या सैन्याची रसद भागवायला दुसरी मोएसिया आणि सिथिया यांना कॅरिया, सायप्रस आणि ईजियनची बेटं जोडून एका अधिकाऱ्याकडे दिली. पहिले दोन एकमेकांना लागून, बाकीचे तुटलेले तुकडे, मधे समुद्र आणि दुसऱ्यांचे प्रांत. क्यूजीआयएसमध्ये तो एकच मल्टिपार्ट (अनेक तुकड्यांचा) घटक करावा लागतो, नाहीतर लेबल पुन्हा पुन्हा उमटतं. 'बेटं' म्हणजे इन्सुले प्रांत, ईजियनमधलं सगळं नव्हे: युबिया अखाइयात, क्रीट स्वतंत्र प्रांत. किनारा थरातून बेटं निवडताना त्यांना आधी बाहेर काढा.